फाटलेलं जाळं फेकण्याआधी

महोदय,

राज्यात २३ जून २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी लागू झाली, तरी आमच्या वेंगुर्ल्याकडे भरतीबरोबर पिशव्या आणि नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे किनाऱ्याला लागतातच. नायलॉन कुजत नाही. कासवं त्यात अडकून मरतात. फाटलेलं जाळं समुद्रात टाकू नका, अशी मच्छीमार बांधवांना कळकळीची विनंती आहे. आमच्या परसात असंच एक जाळं पावसाळ्यात पडवळाच्या मांडवावर चढतं. मे महिन्यात तेच खळ्यात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर ताणून बांधतो. कावळ्याची चोच पोहोचत नाही, ऊन मात्र पोहोचतं.

आई घावनाच्या तव्याला तेल लावते ते नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या तंतूंच्या सालीने. टोक ठेचून तंतू मोकळे केले की झाला कुंचा. प्लास्टिकचा ब्रश तापल्या तव्यावर वितळतो, हा नाही. करवंटीला खाली भोक पाडलं की ओव्याचं रोप छान लागतं.

जुन्या लुगड्यांच्या गोधड्या तर घरोघरी होत्या. आता त्या शिवणाऱ्या आज्या थोड्याच उरल्यात. शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला थर्माकोल आणायला सांगण्याऐवजी या आज्यांना बोलवावं आणि मुलांना धावदोरा शिकवावा.

– एक वाचक, वेंगुर्ले