आई, तुझं ताट वेगळं काढू नकोस

ती. आई-बाबांना सा. न.

महिना झाला, मी हिपॅटायटिस बी ची, म्हणजे लिव्हरच्या त्या विषाणूची, गोळी सुरू केली. टेनोफोव्हिर, रोज रात्री एक. आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही रात्रभर जागला असता. पण रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा होत असल्याची खूण, वाढलेलं; लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनमध्ये ते थोडं कडक. थांबण्यात अर्थ नव्हता. मी नीट जेवते, झोपते, ऑफिसलाही जाते.

आई, फोनवर म्हणालीस, "माझ्यामुळेच तुला." असं पुन्हा म्हणू नकोस गं. मी जन्मले तेव्हा या विषाणूची लस आपल्याकडे कुणाला ठाऊक होती? सरकारी लसीकरणात ती देशभर यायला २०११ उजाडलं.

तुझं लिव्हर चांगलं, मग माझंच का, हेही डॉक्टरांना विचारलं. हा विषाणू स्वतः पेशी मारत नाही; आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींवर तुटून पडते आणि लिव्हरवर वण राहतात. तान्हेपणी लागण झाली, तर १०० पैकी ९० बाळांत तो कायमचा राहतो, कारण शरीर त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडतच नाही. माझं भांडण आत्ता सुरू झालंय. विषाणूचे तुकडे प्रतिकारशक्तीला दाखवणारी एचएलए नावाची प्रथिनं असतात, त्यांची जनुकं निम्मी तुझी, निम्मी बाबांची. २००९ साली जपानमध्ये दिसलं की त्यांतल्या फरकांवरही आजार टिकणं अवलंबून असतं. म्हणजे तुझा विषाणू माझ्यात आला तरी तुझी तब्येत माझ्यात कशी येईल? बाबा, यात तुमचाही दोष नाही हं.

चिऊला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दिलं होतं. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. तरी दिवाळीत तू तिला जवळ घेतलं नाहीस, ताटवाटी वेगळी घासलीस. ताप आला की मला मांडीवर घेऊन मऊ भात भरवणारी तू! एका ताटात जेवून हे लागत नाही. फक्त रेझर, ब्रश आणि नेलकटर ज्याचं त्याचं.

आता ऐका. बाबा, आईला गुळवेलीचा काढा बंद. मुंबईतच त्याने लिव्हरला सूज आलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेत. आई, बुरशी आलेले शेंगदाणे निवडून कुटात घालायचे नाहीत, सरळ फेकायचे. दादाची तपासणी या आठवड्यात. तुझी सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी, पहिली इथेच, वेळ घेतली आहे. खालची खोली आवरलीय, कमोडला दांडी बसवलीय, बाबांचा पहाटेचा चहा मी करीन.

चिऊ रोज विचारते, आजी कधी भरवणार. रविवारी या.

तुमची,
माई