वल्हांडणाबद्दल तू विचारलंस म्हणून

प्रिय दोस्ता,
सप्रेम सलाम.

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. साडेसात मिनिटं बोललायस लेका, त्यातली चार नुसता वैताग. तुमच्या ख्रिस्ती फेलोशिपमध्ये आता मेंढ्याचं शिंग फुंकतात, वल्हांडणाच्या रात्री ज्यू लोकांसारखा सेदेर, म्हणजे त्यांचं ठरलेल्या क्रमाचं सणाचं जेवण, करायचं घाटतंय, आणि कोणीतरी नाताळ हा मूर्तिपूजकांचा सण आहे असं सांगून तुझ्या आईला रडवलं. आणि तुला उत्तर हवंय एका शब्दात, बायबलातल्या लेवीय 23 मधले ज्यूंचे सण आपण पाळायचे की नाही. एका शब्दात जमत नाहीये म्हणून टाईप करत बसलोय, चहाचं पार पाणी झालंय.

ते सण आपण शिकायला पाहिजेत यात मला शंका नाही. आपण लहानपणापासून 'वल्हांडण' म्हणत आलो पण शब्दाकडे कधी नीट बघितलंच नाही. वल्हांडणं म्हणजे ओलांडणं, बस. इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून सुटले त्या रात्रीची गोष्ट, दाराच्या बाह्यांना आणि कपाळपट्टीला कोकराचं रक्त लावलेलं दिसलं की देव ते घर ओलांडून पुढे जाणार. आता निर्गम 12 परत काढ आणि तारखा बघ. कोकरू निवडायचं दहाव्या दिवशी, कापायचं चौदाव्या दिवशी. मधले चार दिवस ते सांभाळायचं. तू शेरडं राखलीयेस, तुला काय सांगायचं, चार दिवसांत पोरं त्याचं नाव ठेवून मोकळी होतात आणि मग कापायच्या दिवशी घरात कोणी जेवत नाही. मी इतकी वर्षं येशूला 'देवाचा कोकरा' गाण्यात म्हणत होतो, पण हे चार दिवस लक्षात आले तेव्हा पहिल्यांदा पोटात काहीतरी हललं. आणि त्याच अध्यायात शेवटी शेवटी लिहिलंय की त्याचं हाड मोडू नका, ते योहान 19 मध्ये शिपायांनी येशूचे पाय मोडले नाहीत तिथे परत येतं. हे माहीत नसलं तर ती ओळ आपण अशीच वाचून पुढे जातो.

पेंटेकॉस्टचं, म्हणजे वल्हांडणानंतरच्या कापणीच्या सणाचं, तर मला जास्तच आवडतं. वल्हांडणाच्या आठवड्यात घरात खमीर चालत नाही, कणभर नाही, आणि 50 दिवसांनी देव स्वतःच सांगतो की खमीर घालून भाजलेल्या दोन भाकरी घेऊन या. यूट्यूबवरचे लोक लगेच सांगतात एक भाकर यहूदी, एक परराष्ट्रीय. असेल बाबा, तिथे तसं लिहिलेलं नाही एवढं खरं. मला दिसतं ते पुढचं, लेवीय 23 चं 22 वं वचन. सणांची यादी चाललीये, बळी, अर्पणं, तारखा, आणि मधेच शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांची आणि परक्याची. मग परत यादी सुरू. ज्यू लोक या सणाला रूथचं पुस्तक वाचतात, म्हणजे एक मवाबी विधवा, बाहेरची बाई, सातूच्या कापणीपासून गव्हाच्या कापणीपर्यंत दुसऱ्याच्या शेतात वेचत फिरते. आणि याच सणाला देशोदेशीचे लोक यरुशलेमेत जमलेले असताना प्रेषित 2 घडतं, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरतो. आपण तुम्ही-आम्ही या गोष्टीत कुठून शिरलो विचारशील तर त्या न कापलेल्या कडेवरून.

तुला आपला सुगीचा सण आठवतो ना? बाकाखाली पाय बांधलेली कोंबडी, आणि एकच भोपळा तीनदा लिलावात, घेणारा परत देणगी म्हणून टेबलावर ठेवायचा. आपण हसून हसून मेलो होतो. पण कडा सोडायचं कोणी बोलल्याचं मला आठवत नाही.

मांडवांच्या सणाबद्दल थोडक्यात. यरुशलेमेत मंदिर होतं तेव्हा सात दिवस रोज शिलोहाच्या तळ्यातून पाणी आणून वेदीजवळ ओतायचे, कारण तिकडे पाऊस त्याच्यानंतर सुरू होतो आणि सगळा देश ढगांकडे डोळे लावून असायचा. त्या सणाच्या शेवटच्या मोठ्या दिवशी येशू उभा राहून ओरडतो की कोणी तान्हेला असेल तर माझ्याकडे येवो. तुम्ही टँकरच्या रांगेत उभे राहिलेले लोक, तुम्हाला हे कळायला कॉमेंटरी कशाला.

आणि प्रेषित 27 मध्ये पौलाच्या जहाजप्रवासाबद्दल लूक सहज लिहून जातो की उपवासाचा दिवस होऊन गेला होता म्हणून प्रवास धोक्याचा झाला होता. तो उपवास म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्र उघडतो, तिकडे या उपवासानंतर मिटायला लागायचा. म्हणजे पौल काय, लूक काय, यांचं कॅलेंडरच ते होतं, भिंतीवर टांगल्यासारखं.

आता तुमच्या सेदेरचं. इथे मला अडतं. आज ज्यू घरांत ज्या क्रमाने ती रात्र होते तो क्रम इ.स. 70 साली मंदिर पडल्यानंतर हळूहळू बसला, त्याचं लिखित रूप मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, साधारण इ.स. 200 सालाच्या सुमाराला दिसतं. त्यामुळे येशूने शेवटच्या जेवणात सेदेरमधली हीच लपवलेली भाकर मोडली, हाच तिसरा प्याला उचलला असं पास्टर ठामपणे सांगतात तेव्हा मी गप्प बसतो, पण पटत नाही. मार्क एवढंच सांगतो की स्तोत्र गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे गेले. वल्हांडणाला 113 ते 118 ही स्तोत्रं गायची रीत होती. 118 मध्ये 'बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड' आहे. मरायच्या आदल्या रात्री ते ओठावर असणं, एवढं पुरे की रे.

दुसरं कारण जरा जड आहे. युरोपात शेकडो वर्षं ज्यू लोकांना आपल्या गुड फ्रायडेची आणि ईस्टरची भीती वाटायची. 1903 साली रशियन साम्राज्यातल्या किशिनेवमध्ये ज्यूंविरुद्ध दंगल झाली ती ईस्टरच्याच दिवशी सुरू झाली. त्यांच्याच ताटातली भाकर न विचारता उचलायची आणि वर त्यांनाच याचा खरा अर्थ तुम्हाला कळलाच नाही म्हणायचं, हे बरं दिसत नाही.

मी अलिबागला होतो तेव्हा शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, आजी राहायच्या. नऊवारी, कोकणी मराठी, शनिवारी चूल बंद. त्यांच्या तोंडी सणांची नावं आपलीच, नव्याचा सण, खिरीचा सण, आणि प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दार फाळणीचा सण, दारं लावून घेऊन उपवास. त्यांनीच मला 1874 साली पुण्यात छापलेल्या हगादाचा, म्हणजे सेदेरच्या रात्री वाचायच्या पुस्तकाचा, फोटो दाखवला, हिब्रू आणि मराठी, आणि चित्रात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करतायत. मी खुळ्यासारखा विचारलं, यात आमचा येशू कुठे? आजी म्हणाल्या, "तुझा येशू असेल तर त्या बायकांच्या शेजारी बसला असेल, पोळी कधी होतेय बघत." आणि मला वाटीत खीर दिली. त्या दिवसापासून मी या सणांत पाहुणा म्हणून जातो.

तर पाळायचे की नाही? कलस्सै 2:16 दोन्हीकडून लागू होतं, सण पाळत नाही म्हणून तुला कोणी दोषी ठरवू नये आणि नाताळ करते म्हणून तुझ्या आईलाही नाही. शिंग फुंकणाऱ्यांशी भांडू नकोस. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाआधी पोरांना घेऊन निर्गम 12 वाच, तारखांसकट. आणि 118 वं स्तोत्र म्हणा, चाल तुझी तू लाव, नाहीतरी पेटी तूच अडवून बसतोस.

आईला सांग यंदा नाताळात दोन दिवस आधी येतो, करंज्या लाटायला. आणि शेंगदाणे पाठवणार होतास त्याचं काय झालं?

तुझाच,
बंड्या