नानाची बाटली

सांगली, रविवार

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीतल्या पत्राला वैशाखात उत्तर देतो आहे, तेही तुझ्यावाचून कोणाला सांगता येणार नाही असे घडले म्हणून. माझी साखर ठीक, गुडघे पूर्ववत.

गेल्या वर्षी भाच्याने अमेरिकेहून बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे गाजराला केशरी रंग देणाऱ्या द्रव्याच्या, गोळ्या आणल्या, प्रत्येकी १५ मिलिग्रॅमच्या. 'फुप्फुसांना उत्तम' असे छातीठोकपणे सांगून मी त्या नानाला दिल्या, संपल्यावर पुन्हा मागवूनही दिल्या. दहा महिने त्याने नेमाने घेतल्या. विडी मात्र सोडली नाही. तळवे पिवळे झाले तेव्हा वहिनी कावीळ समजून घाबरल्या, पण डोळे पांढरेशुभ्र होते आणि हा रंग कातडीत साठला आहे, असे डॉक्टर म्हणाले. नाना म्हणाला, "आयुष्यात दुसऱ्यांदा हळद लागली!" आम्ही खूप हसलो.

मागच्या आठवड्यात त्याच्या छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला, आणि जे आधी वाचायला हवे होते ते मी त्या रात्री वाचले. फिनलंडमध्ये १९८५ पासून ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले, त्यांच्यात पाच ते आठ वर्षांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत ३० मिलिग्रॅम आणि जोडीला अ जीवनसत्त्व देणारा प्रयोग जानेवारी १९९६ मध्ये, ठरल्यापेक्षा २१ महिने आधीच थांबवावा लागला. तिथे वाढ २८ टक्के होती. यातली खरी मेख अशी की, प्रयोगाआधीच ज्यांच्या रक्तात कॅरोटीन अधिक होते, त्या फिनिश पुरुषांना हा रोग कमी झाला होता.

हॉस्टेलच्या गच्चीवरचे भांडण आठवते? कोंबडा आरवतो म्हणून उजाडत नाही, असे तू म्हणालास आणि मी तुला 'आकड्यांचा भटजी' म्हणून दोन दिवस अबोला धरला. आज शब्द मागे घेतो. रक्तातले कॅरोटीन बहुधा पालक, पपई खाणाऱ्या आणि धूर न ओढणाऱ्या आयुष्याची खूण असावी. धुरानेच ती पातळी उतरते. मी नानाला नुसती खूण विकत आणून दिली. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून वाटते की, धुराने माखलेल्या फुप्फुसात मोठ्या मात्रेतले कॅरोटीन फुटून त्याचे वेगळेच घातक तुकडे होतात.

दहा महिने म्हणजे आठ वर्षे नव्हेत, आणि पन्नास वर्षांच्या विड्यांपुढे माझी बाटली ती काय, अशी मी स्वतःची वकिली रात्रभर करतो. शिवाय डागाला अजून कोणी नाव दिलेले नाही. गोळ्या मात्र 'आता मिळत नाहीत' असे खोटे सांगून बंद केल्या. खरे सांगितले तर तो गाजरे सोडील, विडी सोडणार नाही. त्याचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. पण न सांगता त्याच्यासमोर बसवतही नाही.

तुझ्या धाकटीच्या लग्नाची पत्रिका मिळाली, येतो. घराचे काम संपले का?

गुरुवारी सीटी स्कॅन आहे, मी सोबत जाणार आहे. बुधवारी रात्री तू त्याला फोन कर, पण बाटलीचा विषय काढू नकोस. तो मीच काढीन, स्कॅनच्या आधी की नंतर, एवढे तू मला कळव.

तुझा,
अण्णा