रत्नागिरीहून घाटावर, एका दिवसात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतलं पावसाळी सहलींचं पान मी दरवर्षी वाचतो. यंदा त्यात नेरळ-माथेरान होतं, कसाऱ्याचा घाट होता, खंडाळा होता. माहिती चांगली होती. पावसाळ्यात नेरळहून वर चढणारी छोटी गाडी बंद असते आणि फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच धावते, हेही आठवणीने छापलं होतं. पण त्या पानावरच्या झाडून सगळ्या सहली मुंबई, ठाणे किंवा पुण्याहून निघणाऱ्या होत्या. सकाळी गाडीत बसायचं, डोंगर बघायचा आणि रात्री आपल्या अंथरुणावर येऊन पडायचं, हे सुख वैभववाडीमार्गे गगनबावड्याला जाऊन रत्नागिरीकरालाही मिळू शकतं. ते फारसं कुणी घेत नाही, म्हणून हे पत्र.

मी मिरकरवाडा बंदरावर मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जूनच्या सुरुवातीला आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. इंजिनं उतरवणं, रिंगा बदलणं, नोझल तपासणं, गिअरबॉक्स उघडणं, सगळं त्याच दिवसांत येतं. मग पाऊस नीट लागतो. बोटी शाकारून झालेल्या असतात, नेपाळी खलाशी गावाला गेलेले असतात आणि बंदरावर फक्त जाळी विणणारे चार लोक दिसतात. घरातल्या माणसांबरोबर कुठे जायचं तर आमच्या धंद्यातल्या माणसाला हेच दिवस. मोसम सुरू झाला की रात्री-अपरात्री फोन येतात, तेव्हा सहलीचं नाव काढता येत नाही.

आमच्याकडच्या मुलांनी मुंबई पाहिलेली असते. कुणाचा काका नालासोपाऱ्याला, कुणाची मावशी डोंबिवलीला. रेल्वे म्हणजे मुंबईला जायची सोय, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. सह्याद्री मात्र रात्रीच्या गाडीत झोपेत मागे पडतो. माझी मुलगी नववीत आहे. पश्चिम घाटावरची टीप तिला तोंडपाठ होती, पण घाट तिने पाहिला नव्हता. समुद्राच्या काठावर वाढलेल्या मुलांना भरती-ओहोटी कळते, वारा कळतो, पण खाडीत येणारं तांबडं पाणी कुठून येतं ते विचारलं तर ती गप्प बसतात.

त्यासाठी दादर-सावंतवाडी तुतारी एक्स्प्रेसकडे जरा वेगळ्या नजरेने बघावं. मुंबईकरांच्या हिशेबात ती मध्यरात्री सुटणारी रात्रीची गाडी. आपल्याकडे रत्नागिरीला ती सकाळी येते, वैभववाडीलाही थांबते, आणि तीच गाडी संध्याकाळी सावंतवाडीहून उलटी निघून रात्री आपल्याला घरी आणून सोडते. मधला दिवस आपला. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर यासाठी कामाची नाही, कारण ती रत्नागिरीहून खाली जाते तेव्हा दुपार झालेली असते.

जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत बसावं. रत्नागिरी स्टेशन सोडलं की थोड्याच वेळात पानवलचा पूल येतो. ६४ मीटर उंचीचा हा पूल रोज किती गाड्या ओलांडतात, पण त्यावरून खाली वाकून बघणारे किती असतील? पावसात खालचं खोरं इतकं हिरवं असतं की झाड कुठलं आणि वेल कुठला ते वेगळं काढता येत नाही. मग टिकेचा बोगदा, निवसर, आडवली, विलवडे. एकेरी मार्ग असल्याने समोरून गाडी यायची असेल तर क्रॉसिंगला थांबावं लागतं. पावसाळ्यात हे थांबणं मला आवडतं. गाडीचा आवाज थांबतो, कातळावरून वाहणारं पाणी ऐकू येतं, आणि पलीकडच्या भातखाचरात लावणी चालू असेल तर बायकांच्या गप्पाही. राजापूर मागे टाकलं की डोंगर हळूहळू रुळांकडे सरकतात. खारेपाटणनंतर ढगांनी जागा दिली तर सह्याद्रीची भिंत सरळ समोर उभी राहते. त्यावर पांढऱ्या रेघा दिसतात, ते धबधबे. आम्ही गेलो तेव्हा माझी मुलगी त्या मोजत होती. बोगदा आला की हिशेब चुकायचा आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

वैभववाडीला उतरून बाजारात यायचं आणि कोल्हापूरकडे जाणारी एसटी धरून घाटमाथ्यावर गगनबावड्याला उतरायचं. वाटेतला करूळ घाट २०२४ मध्ये काँक्रीटीकरणासाठी बराच काळ बंद होता, तेव्हा शेजारच्या भुईबावडा घाटाने वळसा पडत असे. आता तो रस्ता झाला आहे. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मुलांचंही अर्धं. चौघांच्या कुटुंबाचा खर्च भाड्याच्या गाडीच्या तुलनेत किती कमी होतो, ते ज्याने त्याने मांडून बघावं.

त्या घाटाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. पायथ्याशी असतो तोवर घाम येत असतो, खिडक्या उघड्या असतात. चारपाच वळणं झाली की हवा बदलते. एका वळणावर ढग थेट खिडकीतून आत आला. माझ्या पुढच्या बाकावर एक आजी होत्या, कोल्हापूरला लेकीकडे चाललेल्या. त्यांनी काही न बोलता पदर डोक्यावरून घेतला आणि काच ओढली. माझ्या मुलीने मात्र आमची काच ओढू दिली नाही. "बाबा, हे ढग आपल्याच समुद्रावरून आलेत ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. जूनमध्ये बंदरावर उभं राहून आम्ही ज्या ढगांना शिव्या घालतो तेच इथे येऊन डोंगराला अडतात आणि रिते होतात. गगनबावड्याला कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस पडतो तो यामुळेच.

वर पोचल्यावर फार धावपळ करू नये. चहा प्यावा. घाटावरचा चहा घट्ट दुधाचा असतो, आपल्याकडच्यासारखा नाही. मग गगनगडावर जावं. गगनगिरी महाराजांचा मठ आहे, तिथे भाविकांची ये-जा असते. धुकं असेल तर हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. अशा वेळी मुलं कंटाळतात, परत चला म्हणतात. थांबावं. वारा आला की पडदा फाटतो आणि एका बाजूला करूळ, दुसऱ्या बाजूला भुईबावडा, दोन्ही घाट खाली उतरताना दिसतात. त्यांच्या पायाशी पसरलेला सपाट हिरवा मुलूख म्हणजे आपलं कोकण.

मला मुलीला जे दाखवायचं होतं ते तिथेच होतं. त्या डोंगरधारेच्या पश्चिमेला पडलेला थेंब शुक नदीतून, खारेपाटणच्या अंगाने विजयदुर्गच्या खाडीत जातो. वादळ झालं की आमच्या ओळखीच्या बोटी त्या खाडीत आसऱ्याला शिरतात. पूर्वेला पडलेला थेंब कुंभीत जातो, कुंभीतून पंचगंगेत, पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात. गडाच्या एका दगडावर दोन्ही पाय फाकून उभी राहून ती म्हणाली, "म्हणजे माझा एक पाय अरबी समुद्रात आणि एक तिकडे." पुस्तकातली टीप तिला तिथे कळली. हे बंदरावरच्या, राजिवड्याच्या, साखरतरच्या प्रत्येक मुलाला बघायला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना घाट चढायचा नाही, आईवडील वयस्कर आहेत, त्यांनी वैभववाडीतूनच रिक्षाने नापणे धबधब्यावर जावं. तो बारमाही आहे.

आता काळजीच्या गोष्टी. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांच्या वेळा बदलतात. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरच्या आतच गाडी हाकायची असा चालकांना आदेश असतो. काही लोक यावर चिडतात. त्यांनी २२ जून २००३ ची रात्र आठवावी. याच वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतर डोंगर उतरते करणं, जाळ्या बसवणं, पावसात रात्रंदिवस गस्त घालणं ही कामं वाढली. कंदील आणि छत्री घेऊन बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला गस्तवाला दिसला तर त्याला हात करावा. त्याच्यामुळे आपण घरी पोचतो. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल तर सहल पुढच्या रविवारवर ढकलावी, डोंगर कुठे जात नाही. गणपतीच्या आधीनंतरचे आठवडेही सोडावेत, तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नसते आणि ती जागा चाकरमान्यांची आहे.

स्वतःची गाडी घेऊन घाटात जाणाऱ्यांना माझी विनंती आहे की एकदा असं जाऊन बघा. पावसाळी रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, माणसं रस्त्याच्या मधोमध फोटो काढत उभी असतात, आणि खालून रुग्णवाहिका आली तर तिला वाट मिळत नाही. चालवणाऱ्याचं लक्ष तर सगळा वेळ वळणावरच असतं. आम्ही इंजिनवाले लोक, घाटात गाडी दुसऱ्याने चालवली तरी आमचा कान गिअरकडे असतो. एसटीत मात्र मी पहिल्यांदा घाट पाहिला.

माजी रेल्वेमंत्री मधू दंडवत्यांनी आणि त्यांच्या पिढीने या रेल्वेचा आयुष्यभर पाठपुरावा केला. २६ जानेवारी १९९८ ला ती पूर्ण मार्गावर सुरू झाली, २०२२ मध्ये विजेवर आली. आमच्या खिशातून तिची तिकिटं गेली ती बहुतेक मुंबईचीच. वैभववाडी-कोल्हापूर मार्ग कागदावर आहे, तो होईल तेव्हा होईल. त्याच्याशिवायही दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. सकाळची गाडी वैभववाडीला आली की स्टेशनच्या दारातून गगनबावड्याला एक एसटी सुटावी, आणि अंधार पडायच्या आत तिने घाट उतरून संध्याकाळच्या गाडीला माणसं आणून सोडावीत. निदान जून ते सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी. आज कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभं राहायला लागतं आणि परतताना शेवटची गाडी मिळेल की नाही या धास्तीत दुपारीच खाली उतरावं लागतं. दुसरं म्हणजे रत्नागिरी ते सावंतवाडी सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारी, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी छोटी गाडी. एकेरी मार्गावर तिला वेळ काढणं सोपं नाही हे मला कळतं. पण ती सहलीपुरती राहणार नाही. कणकवलीला कॉलेजला, कुडाळला दवाखान्यात, राजापूरला कोर्टाच्या कामाला जाणाऱ्या माणसांनी ती भरेल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी मिळून ती मागावी.

आपल्याकडेही एक मागणं आहे. पावसाळी वेळापत्रक लागू होतं त्या आठवड्यात रत्नागिरी ते सावंतवाडीच्या सगळ्या स्टेशनांच्या वेळा, आणि त्यांच्याच शेजारी वैभववाडीहून गगनबावड्याला व सावंतवाडीहून आंबोलीला जाणाऱ्या-येणाऱ्या एसटीच्या वेळा, एका चौकटीत छापाव्यात. आमच्या बंदरावर पेपर एकच येतो आणि तो चहाच्या टपरीवर दिवसभर फिरतो. ती चौकट मी कापून टपरीच्या खांबाला लावेन.

आपला,
एक इंजिन मिस्त्री
मिरकरवाडा, रत्नागिरी