मानशीचं दार

दुर्भाट, फोंडा

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

तू फिजिक्सवरून पेशींच्या अभ्यासाकडे वळतेस म्हणून चवथीला माटोळीखाली बसून काकाने तुला विचारलं, "फिजिक्स शिकून आता बेडूक फाडणार काय?" सगळे हसले, मीही हसलो. तू काही बोलली नाहीस, नेवऱ्यांचं ताट तेवढं त्याच्यापुढे सरकवलंस. मी हसायला नको होतं. फोनवर हे बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहितो.

तू बेंगळुरूला गेल्यावर पावणीच्या, म्हणजे बांधातल्या मानशीवर (पाणी सोडणाऱ्या दारांवर) मासळी धरण्याच्या लिलावाच्या, वहीत मागच्या पानावर तुझं चित्र सापडलं. दोन समांतर रेघा, त्यांच्यात रहाटासारखं चाक, रेघांच्या वर ठिपकेच ठिपके आणि खाली दोन-चार. त्या रात्री तू हे समजावत होतीस आणि मी मानशीच्या पावणीचा हिशेब जुळत नाही म्हणून नुसता हूं हूं करत होतो. आता तू पाठवलेले लेख वाचले. गणित सोडून दिलं, बाकी दोन-दोनदा वाचलं.

ती दोन रेघांची भिंत म्हणजे मायटोकॉण्ड्रियाचा, पेशीतल्या त्या ऊर्जाघराचा, आतला पडदा. जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. एका बाजूला प्रोटॉनांची दाटी, दुसरीकडे ते कमी. फरक 150 मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या दहाव्या हिश्शाएवढा. पण भिंत इतकी पातळ की मीटरमागे हिशेब केला तर 3 कोटी व्होल्ट होतात! प्रोटॉन त्या चाकातून पलीकडे उतरतात, चाक फिरतं आणि फिरता फिरता एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, घडवतं. 1997 साली जपानी मंडळींनी त्या चाकाच्या दांडीला चमकणारा तंतू चिकटवून ते गरगरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तेव्हा ते उलटं चालत होतं, एटीपी खर्चून. पुढे 2004 मध्ये चुंबकाने दुसऱ्या दिशेला फिरवलं तर एटीपी तयार झाला. मला हा प्रयोग फार आवडला. रहाट हाताने उलटा फिरवून बघितल्याशिवाय माझाही विश्वास बसला नसता.

पीटर मिचेल या इंग्रज जीवरसायनशास्त्रज्ञाने हे प्रोटॉनांचं प्रकरण 1961 मध्ये मांडलं तेव्हा जाणकारांनी त्याला बरीच वर्षं उडवून लावलं. त्याने कॉर्नवॉलमधलं एक पडकं मोठं घर दुरुस्त करून तिथेच प्रयोगशाळा थाटली आणि 1978 मध्ये नोबेल घेतलं. काकाला सांगायला बरं.

पण मला हे सगळं खरं कळलं ते लेखांतून नव्हे. तू गेल्यावर चार दिवसांनी मानशीच्या एका दारात नारळाचं सोडण अडकलं. तुला ठाऊक आहे, सुकतीला आतलं पाणी दार ढकलून नदीत जातं, भरतीला नदीच ते दाबून बंद करते. माणसाने हात लावायचा नाही. सोडणामुळे दार चार बोटं उघडं राहिलं. पहाटे जाऊन बघतो तर आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला. ना धार, ना आवाज, जाळं नुसतं लोंबत होतं. पोयीचं, बांधाआतल्या तळीचं, पाणी जिभेला लावलं तर खारं. पाऊस उघडलेला, त्यामुळे बांधालगतचं कोरगुट भात पिवळं पडलं. कोरगुट खारं सोसतं, पण त्यालाही हद्द आहे.

त्या पाण्याकडे बघताना तुझी रेघ डोळ्यांपुढे आली. पातळी सारखी झाली की खाजन, बांधाआतली आपली ही शेतजमीन, मेलं. तुझ्या लेखांत "समतोल" हा शब्द दर पानावर आहे आणि आम्ही तो जन्मभर चांगल्या अर्थाने वापरत आलो. पेशीला तो आला की संपलंच की!

अमेरिकेत 1930 च्या दशकात वजन उतरवायला डायनायट्रोफेनॉल देत असत. ते प्रोटॉनांना चाक टाळून पडद्यातून चोरवाटेने पलीकडे नेतं. चाक थंडावतं, जेवलेलं सगळं नुसतं उष्णतेत जातं. माणसं झिजली खरी, काही अंग तापून मेली. बांधाला खेकड्याचं बीळ पडावं तसं. आणि गंमत म्हणजे तान्ह्या बाळाच्या खांद्यांमागे तपकिरी चरबी असते, तिच्यात अशीच गळती मुद्दाम ठेवलेली असते, ऊब यावी म्हणून. आम्हीही उन्हाळ्यात मासळीसाठी खारं पाणी मुद्दाम आत घेतोच. म्हणजे गळती वाईट नाही, तिच्यावर कुणाचा तरी हात हवा.

2015 च्या त्या लेखाचा, बारातो आणि सायफर्टच्या, तू फोनवर दिलेला अर्थ मी वहीत उतरवून ठेवला आहे: असं अखंड चालणारं रेणूंचं यंत्र 10 पट नेमकं हवं तर ऊर्जेचा किमान खर्च 100 पट. खालची ती हद्द कुठल्याही हुशारीने ओलांडता येत नाही. बांधाच्या दुरुस्तीचा खर्च दर वर्षी का वाढतो, हे आता आमच्या बैठकीत असं सांगावं म्हणतो. कुणी ऐकणार नाही.

आणि काका विचारील, आपल्या गोव्यातल्या कुणी असं केलंय का? त्याला दामोदर कोसंबी सांग. 1907 चा, कोसबेंत जन्मलेला गणिती. गुणसूत्रावर दोन जनुकं किती अंतरावर आहेत हे मोजण्याचं त्याचं सूत्र 1940 च्या दशकातलं. वनस्पतींच्या प्रजननाचं काम करणारे आजही ते वापरतात. बेडूक न फाडता.

एक शंका मात्र उरली. पाण्याचे रेणू सतत धक्के देतातच, मग भरती-ओहोटी नसली तरी एकतर्फी दार लावून त्या धक्क्यांवरच चाक का फिरवू नये? हे विचारलं तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, "बाबा, दार तेवढंच लहान असेल तर तेही थरथरणार, नको तेव्हा उघडणार. फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने हे कधीच सांगून ठेवलंय." मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. चित्र काढून दाखव.

दिवाळीला ये. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अमावास्या जवळ असल्याने, सुकती जोराची असते. चारच्या सुमारास बांधावर पोचलो तर दारं सताड उघडी मिळतील. नरकासुर जळायच्या आत परत येऊ; आईला कारीट फोडायला तू हवीस.

तुझा,
बाबा