परदेश प्रवासाला निघणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सभासदहो, साथ चालू असताना परदेशी जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी त्या देशाचे प्रवेशनियम पाहा. ते रातोरात बदलतात. लस ऐनवेळी घेऊन भागत नाही. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा दाखला टोचल्यापासून १० दिवसांनीच ग्राह्य धरतात (२०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, तेवढेच बरे). उडत्या विमानातली हवा बहुधा हेपा फिल्टरमधून, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून, फिरते. पण रांगेत, बसमध्ये आणि चढता-उतरताना माणसे एकमेकांना खेटून असतात. तिथे मास्क हनुवटीवर नको. ताप असेल तर प्रवास पुढे ढकला, गोळी घेऊन तपासणी चुकवू नका. कोविडची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला १४ दिवसही लागू शकतात. परतल्यावर तेवढे दिवस प्रकृती सांभाळा, आणि बरे वाटेनासे झाले तर दवाखान्यात जाण्याआधी फोन करून कुठे गेला होतात ते सांगा.