पिशवी काढण्याआधी बाईला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि आज जत-आटपाडीपासून थेट कर्नाटकातल्या अथणी, जमखंडीपर्यंतची माणसं उपचारासाठी मिरजेची वाट धरतात. मला या गावाचा अभिमान आहे. म्हणूनच इथं बायकांच्या बाबतीत जे चालतं ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

अंगावरून जास्त जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की अनेकदा पहिल्या-दुसऱ्या भेटीतच ‘पिशवी काढून टाका’, म्हणजे गर्भाशयच काढून टाका, असं सांगितलं जातं. जोडीला ‘नाहीतर कॅन्सर होईल’ हे असतंच. कॅन्सरचं नाव निघालं की घरात पुढं कुणी काही विचारत नाही. पैशांची जुळवाजुळव सुरू होते.

माझ्या जाऊबाईंचं असंच झालं. वय चाळिशीच्या आत. एक सोनोग्राफी झाली. गोळ्या देऊन पाहिल्या नाहीत, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला नाही. कागदावर सही घेतली ती मोठ्या दिरांची. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, हे जाऊबाईंना घरी आल्यावर समजलं. आता अंगातून गरम वाफा येतात, रात्र-रात्र झोप नाही, आणि ‘आता वय झालं’ हे ऐकून घ्यावं लागतं. कमी वयात अंडाशयं काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे त्यांना आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

पिशवी काढावी लागतच नाही, असं माझं म्हणणं नाही. कॅन्सर निघाला, रक्तस्राव कशानेच थांबेना, तर याच ऑपरेशनने जीव वाचतो. मात्र पिशवीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, आणि पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा औषधानेच भागतं. दुसरा उपाय आहे का, तो का नको, हे समजून घेऊन निर्णय बाईने करायचा.

कायद्यानेही हे स्पष्ट केलेलं आहे. समीरा कोहली खटल्यात पेशंट चव्वेचाळीस वर्षांची होती. दुर्बिणीने तपासणी करायला तिने संमती दिली होती. ती भुलीत असताना आईची संमती घेऊन तिची पिशवी आणि अंडाशयं काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की जिवाला तातडीचा धोका नसेल, तर सज्ञान बाईऐवजी तिच्या आईची संमती चालणार नाही. डॉक्टरांचा हेतू चांगला होता हे मान्य करूनही न्यायालयाने त्यांची फी नाकारली आणि भरपाई द्यायला लावली. मूल होण्याची शक्यता संपवणाऱ्या ऑपरेशनला नवरा-बायको दोघांची संमती हवी, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. दोघांची म्हणजे तिचीही! गर्भपाताच्या कायद्यात तर सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. तरीही ‘मिस्टरांना घेऊन या’ हे आपण रोज ऐकतो.

दर हंगामात आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला येणाऱ्या बायकांचं काय? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला, २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्यातल्या कितीतरी जणी आपल्याच कारखान्यांसाठी ऊस तोडतात. पाळीत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, फडात ना आडोसा ना पाणी. अशा बाईला पिशवी काढणंच सोपं वाटलं, तर तिला मोकळेपणी निवड करता आली असं कसं म्हणायचं? एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सर्व राज्यांना बजावलं. त्या तत्त्वांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती सांगितली आहे. सांगलीतल्या समितीने काय पाहिलं? किती बायकांच्या, कोणत्या वयात, कशासाठी पिशव्या काढल्या? जिल्हा शल्यचिकित्सकांनी नावं वगळून हे आकडे दरवर्षी आपल्या वृत्तपत्रातून छापावेत, अशी माझी मागणी आहे.

दुसरी मागणी फलकांची. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ पासून खासगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद आणि पंधरा सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पुरुष डॉक्टर तपासत असताना बाईजवळ दुसरी स्त्री असावी, हाही त्या सनदेतला हक्क आहे. महापालिकेने आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेने प्रत्यक्ष जाऊन हे फलक आहेत का ते पाहावं. मिरजेत ते कन्नडमध्येही असावेत. संमतीचा कागदही बाईला वाचता येईल अशा भाषेत हवा, आणि तो तिच्या हातात आदल्या दिवशी पडावा. ऑपरेशनच्या टेबलाकडे नेताना घेतलेल्या सहीला संमती कसं म्हणायचं?

आणि ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं, त्यांच्यासाठी. केसपेपर, तपासण्या, ऑपरेशनच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. पैसे मोजून घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे १९९५ मध्येच ठरलं आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही ती करता येते. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. बीडच्या बाईला सांगलीला हेलपाटे घालायची गरज नाही. जाऊबाईंचा कागदपत्रांसाठीचा अर्ज आम्ही दिला आहे.

आपली,
एक वाचक, सांगली